भाड्याने फिरलेली गाडी घरी आणावी का?

प्रश्न : आम्ही बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील एका गावात राहतो. वडिलांना महिन्यातून दोन-तीनदा बेळगावला दवाखान्यात न्यावे लागते आणि दर वेळी भाड्याची गाडी ठरवणे आता परवडत नाही, म्हणून जुनी गाडी घेण्याचे ठरवले आहे. बेळगावातील एका विक्रेत्याकडे २०२२ सालची गोवा पासिंगची स्विफ्ट ३ लाख ९० हजारांना आहे. ती गोव्यात पर्यटकांना स्वतः चालवण्यासाठी भाड्याने दिली जात होती, हे त्याने लपवले नाही. मीटरवर ४८ हजार किलोमीटर आहेत. त्याच सालची, घरात वापरलेली केए २२ (बेळगाव) पासिंगची स्विफ्ट पाच लाखांच्या खाली मिळत नाही. दुसरीकडे, आमच्या ओळखीचा एक टॅक्सीवाला आपली २०२० सालची पिवळ्या पाटीची डिझायर ३ लाख ६० हजारांना द्यायला तयार आहे. ती मात्र १ लाख ६० हजार किलोमीटर चालली आहे. भाऊ म्हणतो, भाड्याच्या गाडीच्या वाटेलाच जाऊ नये. महाराष्ट्रात, चंदगडला राहणारे मेहुणे म्हणतात, गोव्याचीच घ्या आणि माझ्या नावावर करा, म्हणजे इथला कर वाचेल. आपण काय सांगाल?

उत्तर : स. न. वि. वि.

आपल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो आणि कारणे मागून सांगतो. गोव्याची गाडी सांगितलेल्या किमतीला घेऊ नये. टॅक्सीवाल्याची डिझायर विचारात घेण्यासारखी आहे, परंतु ती खासगी नोंदणीत आल्यावरच आणि मागितलेल्या किमतीपेक्षा बऱ्याच कमी रकमेला. या दोन्हींच्या आधी आपण अशी एक गाडी शोधावी जिचा आपल्या पत्रात उल्लेख नाही : बेळगाव-खानापूर भागातच एका घरात वापरलेली, सालाने स्विफ्टपेक्षा तीन-चार वर्षे जुनी, पण कमी चाललेली. मेहुण्यांच्या नावावर गाडी करण्याचा विचार मात्र मनातून पूर्णपणे काढून टाकावा.

भाड्याने फिरलेल्या गाड्या आपल्याकडे विकायला येतात त्या एकाच जातकुळीच्या नसतात, आणि सगळा घोळ त्यांना एकाच मापाने मोजण्यात आहे. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली गाडी ग्राहकाने स्वतः चालवण्यासाठी भाड्याने दिलेली असते. पिवळ्या पाटीवर काळे आकडे असलेली गाडी चालकासह धावते. पांढऱ्या पाटीची एखादी गाडी कंपनीने आपल्या अधिकाऱ्यासाठी भाडेकराराने घेतलेली असते. तिची देखभाल बहुधा वेळच्या वेळी झालेली असते आणि तशी गाडी मिळाली तर ती बिनदिक्कत पाहावी. याशिवाय आणखी एक प्रकार आहे आणि मला त्याचीच सर्वांत जास्त धास्ती वाटते : परवाना न घेता, पांढऱ्या पाटीवरच गुपचूप भाड्याने फिरवलेली गाडी. ती कागदावर ‘घरगुती’ असते, तिची किंमतही घरगुती गाडीचीच मागितली जाते, आणि घेणाऱ्याला तिचा पूर्वेतिहास कधी कळतच नाही. आपल्या विक्रेत्याने गाडीचा वापर लपवला नाही, ही त्याच्या बाजूची गोष्ट आहे, तेवढे श्रेय त्याला द्यायला हवे.

आता त्या ४८ हजार किलोमीटरविषयी. मीटर मागे फिरवला असेल, अशी शंका आपल्या भावाला आली असणार. ती पडताळून पाहावीच, परंतु हा आकडा मुळातच अशक्य आहे असे मला वाटत नाही. गोव्यात अंतरे लहान आहेत, धंदा हंगामी आहे, आणि पावसाळ्यात अशा गाड्या बराच काळ उभ्या असतात. हंगामातल्या दोनशे दिवसांत रोज सरासरी सत्तर किलोमीटर धरले तरी साडेतीन वर्षांत आकडा तिथेच येऊन पोहोचतो. प्रश्न किलोमीटरचा नाहीच. ते किलोमीटर कोणी आणि कसे काटले, हा खरा प्रश्न आहे. दर दोन-तीन दिवसांनी नवा माणूस चालवायला बसतो. त्याला क्लच कुठे पकडतो हे ठाऊक नसते, गाडी आपली नसल्याने इंजिन तापायच्या आत तो जोरात पिटाळतो, अनोळखी अरुंद रस्त्यावर रिम कठड्याला घासतो, चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अडकून अर्ध्या क्लचवर गाडी रेटतो, आणि काही जण तर थेट समुद्राच्या वाळूत उतरवतात. भाड्याने देणारा मालक तेल बदलतो, धुऊनपुसून ठेवतो, ओरखडे रंगवून घेतो, कारण चकचकीत गाडीलाच गिऱ्हाईक येते. परंतु क्लच, सस्पेन्शन आणि टायर यांचा मोठा खर्च तोंडावर आला की गाडी विकून टाकणे त्याच्या हिशेबात बसते. यात त्याचा अप्रामाणिकपणा असतो असे नाही, त्याच्या धंद्याचे गणितच तसे आहे, परंतु तो पुढे ढकललेला खर्च घेणाऱ्याच्या गळ्यात पडतो. त्यातच समुद्रकाठच्या खाऱ्या हवेने पत्र्याला, सायलेन्सरला आणि ब्रेकच्या नळ्यांना खालून गंज चढतो, जो उभ्याने पाहिल्यावर दिसत नाही.

टॅक्सीचे तसे नसते. १ लाख ६० हजार हा आकडा ऐकून आपल्या घरच्यांनी नाक मुरडले असेल, पण ती गाडी एकाच माणसाच्या हाताखाली आहे आणि त्या माणसाची रोजीरोटी तिच्यावर अवलंबून आहे. टॅक्सीचे बहुतेक किलोमीटर हमरस्त्यावर, तापलेल्या इंजिनावर, वरच्या गिअरमध्ये पडतात आणि इंजिनाला अशा धावण्याचा त्रास कमी होतो. चालकाला आपल्या गाडीचा आवाज ओळखीचा असतो. काही खुट्ट झाले की तो त्याच दिवशी मिस्त्रीकडे जातो, कारण गाडी उभी राहिली तर दिवसाची कमाई बुडते. अर्थात दीड लाखाच्या पुढे क्लच, सस्पेन्शनचे रबर, चाकांचे बेअरिंग, एसीचा कॉम्प्रेसर, अल्टरनेटर ही मंडळी एकामागून एक रांगेत उभी असतात. म्हणून या गाडीबाबत विचारायचे ते एवढेच की यांपैकी काय काय बदलून झाले आहे आणि त्याच्या पावत्या आहेत का. दवाखान्याच्या फेऱ्यांबरोबर घरची इतर कामे धरली तरी आपला वापर वर्षाला सहा-सात हजार किलोमीटरच्या पुढे जाईल असे दिसत नाही; एवढ्या वापराला नीट राखलेली टॅक्सी अजून बरीच वर्षे पुरू शकते. चालवून पाहताना ती ताशी ८० किलोमीटरच्या पुढे जात नसेल तर इंजिनात दोष आहे असे समजू नये. टॅक्सीला वेगमर्यादा यंत्र सक्तीचे असते. खासगी नोंदणी झाल्यावर ते अधिकृत कार्यशाळेत काढून घेता येते.

आता ज्या मुद्द्यावर आपला निर्णय खरोखर फिरतो त्या कराकडे येतो. विक्रेता सांगतो ती किंमत गाडीची असते. आपल्या दारात, आपल्या नावावर, कायदेशीरपणे उभ्या राहणाऱ्या गाडीची नसते. दुसऱ्या राज्यातील गाडी कर्नाटकात नोंदवताना इथला आजीवन कर नव्याने भरावा लागतो, आणि कर्नाटकाचा हा कर देशातील सर्वांत जड करांपैकी आहे. पेट्रोल-डिझेलच्या खासगी मोटारीसाठी ५ लाखांपर्यंत १३ टक्के, ५ ते १० लाखांपर्यंत १४, १० ते २० लाखांपर्यंत १७ आणि त्यापुढे १८ टक्के, असे त्याचे टप्पे आहेत आणि वर उपकर आहे. गाडीच्या वयाप्रमाणे त्यात सूट मिळते. परंतु पुष्कळांच्या ध्यानात न येणारी गोष्ट अशी की टक्केवारी आपण मोजलेल्या ३ लाख ९० हजारांवर लागत नाही, गाडी नवी असतानाच्या किमतीवर लागते. स्विफ्टची तेव्हाची किंमत सात लाखांच्या आसपास धरली तर १४ टक्क्यांचे ९८ हजार होतात, आणि वयाची सूट वजा करून व उपकर मिळवून ही रक्कम पंचाहत्तर ते नव्वद हजारांच्या घरात राहते. गोव्यात भरलेला कर इथे वजा होत नाही.

त्यात ना-हरकत प्रमाणपत्र, नव्या क्रमांकाच्या पाट्या आणि एजंटाची धावपळ यांचे आठ-दहा हजार मिळवावेत, आणि भाड्याच्या गाडीला पहिल्या वर्षातच क्लच, दोन-चार टायर व ब्रेकचे काम लागेल असे गृहीत धरून तीस हजार बाजूला ठेवावेत. म्हणजे ३ लाख ९० हजारांची गाडी पाच लाखांच्या पुढे जाते. ज्या घरगुती केए २२ गाडीपेक्षा ती लाखाने स्वस्त वाटत होती, तिच्याच किमतीला ती येऊन बसते आणि वर इतिहास भाड्याचा राहतो. मी ‘घेऊ नये’ म्हणतो ते या बेरजेमुळे. हीच गाडी सर्व खर्च धरून सव्वाचार लाखांत आपल्या नावावर होणार असेल, तर ती पाहण्यात अर्थ आहे. परंतु त्यासाठी विक्रेत्याला लाखभर रुपये खाली उतरावे लागेल आणि तो उतरेल असे वाटत नाही.

डिझायरलाही कर चुकत नाही. पिवळी पाटी काढून पांढरी लावताना परवाना परत करावा लागतो आणि खासगी मोटारीचा आजीवन कर वयानुसार भरावा लागतो. फायदा एवढाच की सगळे काम कर्नाटकातच होते आणि दुसऱ्या राज्याच्या ना-हरकत पत्राचे भिजत घोंगडे पडत नाही. या कराचा नेमका आकडा परिवहन कार्यालयातून आधी काढून घ्यावा आणि तो आपण सोसणार असाल तर ३ लाख ६० हजारांतून वजा करूनच बोलणी सुरू करावीत. ओळखीचा माणूस आहे, घासाघीस कशी करायची, असा संकोच आपल्याला वाटेल. परंतु हिशेब कागदावर मांडून दाखवला तर ओळखीच्या माणसाला तो अधिक लवकर पटतो.

किमतीविषयी आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा अधिभारही गेला, त्यामुळे नव्या छोट्या गाड्या ठळकपणे उतरल्या. जुन्या गाड्यांच्या मागणीकिमती मात्र काही ठिकाणी अजून पूर्वीच्याच हिशेबाने सांगितल्या जातात. म्हणून शोरूममध्ये जाऊन त्याच गाडीच्या सर्वांत साध्या आवृत्तीची आजची रस्त्यावरची (ऑन-रोड) किंमत लेखी घ्यावी. घ्यायची नसली तरी घ्यावी. जुन्या गाडीचा भाव करताना तो कागद खिशात असला पाहिजे.

मेहुण्यांच्या सूचनेबद्दल मला जरा सविस्तर लिहू द्या, कारण सीमाभागात ही वाट इतकी रुळलेली आहे की ती चुकीची आहे असे कोणाला वाटेनासे झाले आहे. नातीगोती चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरपर्यंत पसरलेली असल्यामुळे एका राज्याच्या क्रमांकाची गाडी दुसऱ्या राज्यातील अंगणात उभी असणे आपल्याकडे रोजचे आहे. पण प्रथम हे पाहा की यात वाचते किती. महाराष्ट्रातही एकरकमी कर आहेच. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला तो ११ टक्के आहे. म्हणजे गोव्याची गाडी एमएच ०९ (कोल्हापूर) करायला मेहुण्यांना कर भरावा लागणारच, आणि वाचला तर दोन-तीन टक्क्यांचा फरक वाचेल. दुसरे असे की मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ एखाद्या राज्यात ठेवली तर तिथे नवा क्रमांक घ्यावा लागतो. गाडी आपल्याच अंगणात राहणार आहे. वर्ष उलटल्यावर एखाद्या तपासणीत ती अडली तर कर्नाटकाचा करही भरावा लागेल, म्हणजे एकाच गाडीला दोनदा.

पैशांपेक्षाही मला काळजी वाटते ती जबाबदारीची. अपघात झाला तर कायद्याच्या लेखी मालक तोच ज्याचे नाव नोंदणीत आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. गाडी आपण चालवाल आणि भरपाईची नोटीस चंदगडला जाईल. विम्याचे पैसे त्यांच्या नावावर येतील, गाडी विकायला त्यांची सही लागेल, आणि उद्या त्यांचे काही बरेवाईट झाले तर गाडी त्यांच्या वारसांची ठरेल, आपली नाही. चांगले नाते अशा ओझ्याखाली का घालावे? मेहुण्यांनी ही सूचना मायेपोटीच केली आहे, याबद्दल मला शंका नाही. त्यांना हे सगळे समजावून सांगावे आणि त्यांच्या ओळखीचा एखादा चांगला मिस्त्री असेल तर तेवढी मदत जरूर घ्यावी.

गाडी पारखण्याकडे वळू. बेळगावच्या ऑटोनगरात एका वाकबगार मिस्त्रीला गाडी तपासताना मी पाहिले आहे, आणि लक्षात राहिले ते असे की त्याने बोनेट सर्वांत शेवटी उघडले. आधी तो चालकाच्या जागेवर बसला आणि ब्रेकच्या पेडलचे रबर पाहिले. कमी किलोमीटर सांगितलेल्या गाडीचे रबर गुळगुळीत असेल किंवा कोरे करकरीत नवे असेल, तर दोन्ही गोष्टी बोलक्या असतात. मग त्याने सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला आणि एरवी कधीच बाहेर न येणारा त्याचा टोकाकडचा वीतभर भाग उजेडात धरला. पुरात बुडालेल्या गाडीचा गाळ तिथे रेघेने बसलेला असतो आणि धुणाऱ्यांचा हात तिथवर पोहोचत नाही. नंतर सीट पुढे सरकवून तिचे रूळ आणि बोल्ट गंजले आहेत का ते बघितले, डिकीतले पायपुसणे उचलून जादा चाकाच्या खळग्यात बोट फिरवले, आणि दरवाजाचे रबर थोडे सोडवून आतल्या पत्र्याचे ठिपके-जोड (स्पॉट वेल्डिंग) कारखान्याच्या नेमक्या अंतराने आहेत की नाहीत ते पाहिले. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांनंतर कोल्हापूर-सांगली, चिकोडी-निपाणी या पट्ट्यातील गाडी घेताना हे सीटबेल्टचे पाहणे मी तरी सोडणार नाही.

आपण स्वतः करून पाहावे असे दोन-तीन प्रयोग आहेत. गाडी पाहायला सकाळी जावे आणि आपण पोहोचण्याआधी ती सुरू करू नये असे आदल्या दिवशी सांगावे. बोनेटला हात लावून ते थंड आहे याची खात्री करावी आणि मगच चावी फिरवावी. गार इंजिन सुरू होताना निळसर धूर आला तर तेल जळते आहे. क्लचसाठी सपाट मोकळ्या जागेवर हँडब्रेक पूर्ण ओढून तिसरा गिअर टाकावा आणि क्लच हळूहळू सोडावा. चांगला क्लच इंजिन लगेच बंद पाडतो, झिजलेला असेल तर इंजिन गुरगुरत राहते. त्यानंतर गाडी जांबोटीहून कणकुंबीच्या दिशेने चढावर न्यावी. चढावर वेग न वाढता नुसता इंजिनाचा आवाज वाढत असेल, किंवा उतारावर ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरत असेल, तर तो खर्च किमतीतून वजा झाला पाहिजे. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. ‘२३२२’ म्हणजे २०२२ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. चारही टायर आणि जादा चाक निरनिराळ्या सालांचे असतील तर का, हे विचारावे. काळ्या पाटीच्या गाडीत डॅशबोर्डखाली माग काढणारे यंत्र बसवलेले असते. ते काढताना वायर कशाही तोडून ठेवलेल्या असतील तर पुढे विजेचे न संपणारे बिघाड सुरू होतात.

पण या सगळ्यापेक्षा अधिक सांगते ती चालानांची यादी. केंद्राच्या परिवहन संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे आकडे देऊन ई-चालान पाहता येतात, आणि त्यांत ठिकाण व तारीख असते. ‘घरी वापरलेली’ म्हणून सांगितलेल्या गाडीवर कळंगुट, बागा, म्हापसा इथली निरनिराळ्या हंगामांतली चालाने दिसली तर तिचा वापर आपोआप उघड होतो. आपण तिसरी, घरगुती गाडी शोधाल तेव्हा हे हमखास करावे. तसेच चासी क्रमांक घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारावे. प्रत्येक फेरीला नोंदलेले किलोमीटर एकाखाली एक पाहिले की मीटर मागे घेतला असल्यास आकडा मध्येच घसरलेला दिसतो. नोंदी अजिबातच नसतील तर किमतीत मोठी सूट मागावी किंवा गाडी सोडून द्यावी.

कागदांचा क्रम मोडू नये, एवढे मात्र आवर्जून सांगतो. नोंदणीपुस्तिकेतील वाहनवर्गाचा रकाना वाचावा. तिथे ‘मोटार कॅब’ लिहिलेले असेल तर पाटी पांढरी असली तरी गाडी खासगी झालेली नाही. अशी गाडी चालू परवान्याशिवाय वापरणे नियमाविरुद्ध ठरते आणि अपघात झाला तर विमा कंपनी बोट ठेवायला मोकळी होते. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ हवा. मालकी बदलासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. ते कोरे, नुसती सही केलेले, कोणाकडूनही स्वीकारू नयेत. दुसऱ्या राज्याच्या गाडीला नमुना २८ वरचे ना-हरकत प्रमाणपत्र बेळगावच्या परिवहन कार्यालयाच्या नावाने निघालेले असावे. परवाना परत करणे, वर्ग बदलणे, बोजा उतरवणे आणि चालाने भरणे ही चारही कामे विकणाऱ्याने गाडी त्याच्या स्वतःच्या नावावर असतानाच पूर्ण करावीत. आपण तोवर पाच-दहा हजारांच्या बयाण्यापलीकडे काही देऊ नये आणि तो बयाणाही काम ठरलेल्या मुदतीत न झाल्यास परत मिळेल असे लिहून घ्यावे. हा कागद आपल्याला स्वतःला वाचता येईल अशा भाषेत असावा. कन्नडमधील कागद वाचता येत नसेल तर सही करण्याआधी जाणत्याकडून ओळीने वाचून घ्यावा. विक्रेता घाई करील, तरी थांबावे.

विक्रेत्याकडून गाडी घेत असाल तर त्याच्याकडे परिवहन विभागाचे अधिकारपत्र आहे का ते पाहावे. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहे. पावतीवर गाडी पूर्वी भाड्याने वापरलेली होती हे आणि मीटरचा आकडा, दोन्ही लिहून घ्यावे. पुढे फसवणूक निघाली तर व्यापाऱ्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते, आणि तिथे हीच पावती कामाला येते. टॅक्सीवाल्यासारख्या खासगी माणसाकडून घेतलेल्या गाडीला ही वाट सहसा मिळत नाही, म्हणून तिथे तपासणी अधिक कडक ठेवावी.

आपली तिसरी गाडी कुठे शोधावी, तर जाहिरातींपेक्षा सर्व्हिस सेंटरमध्ये आणि ओळखीच्या विमा एजंटाकडे. निवृत्त शिक्षक, बँकेतले कर्मचारी, मुलगा परगावी गेल्याने गाडी पडून असलेली घरे टिळकवाडी, शहापूर, हिंदवाडीपासून खानापूरपर्यंत पुष्कळ आहेत. अशी २०१८-१९ ची, चाळीस-पन्नास हजार चाललेली केए २२ गाडी सव्वाचार लाखांच्या आत मिळाली, तर साल तीन-चार वर्षे जुने असले तरी आपल्या वडिलांसाठी मी तीच निवडीन, कारण तिच्यावर नव्याने आजीवन कर नाही, राज्य बदलणे नाही आणि तिला चालवणारे हात एक-दोनच आहेत. महिनाभर मन लावून शोध घ्यावा. तशी मिळाली नाही तर डिझायरचा वर्ग बदलून झाल्यावर, कर वजा जाता तीन लाखांच्या आसपास तिचा सौदा करावा.

कोणतीही गाडी घेतली तरी ताबा मिळाल्यापासून चौदा दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यावा आणि मालकी बदलाचा अर्ज तीस दिवसांच्या आत परिवहन कार्यालयात पोहोचवावा. डिझायर घेतल्यास तिचा जुना विमा प्रवासी वाहतुकीचा असेल. तो नुसता नावावर करून भागणार नाही, खासगी मोटारीच्या विम्यात बदलून घ्यावा लागेल. टॅक्सीवाल्याची विनादावा सवलत (नो क्लेम बोनस) त्याची स्वतःची आहे, ती आपल्याला मिळत नाही, तेव्हा पहिल्या वर्षाचा हप्ता पूर्ण रकमेचा धरूनच पैशांची तजवीज करावी.